घंटी वाजली की रिटर्न

नोएडा, ४ ऑगस्ट १९९७

विजे,

अठरा वर्षांनी पत्र आलं, तेही काम निघालं म्हणून. असू दे. पाकिटावरचं मस्कतचं पोस्टाचं तिकीट शेजारच्या मिसेस भाटियांनी लगेच काढून घेतलं, म्हणजे कुणाला तरी उपयोग झाला.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तुझे बाबा गेले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि तुझी आई आता गाझियाबादला वैशालीत एका खोलीत एकटी राहते. करोल बागेतली त्यांची टायपिंगची शाळा बंद पडली, कारण टाइपरायटर आता कोण शिकतंय? नोकरी मिळाली तर बाई (मी अजून त्यांना बाईच म्हणते) स्वतःच्या खोलीत राहतील. नाही मिळाली तर दसऱ्याच्या आत पानिपतला तुझ्या मुरलीधरकाकांकडे जातील. आणि मुरलीधरकाकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की वहिनी आल्या की स्वयंपाकाच्या बाईला सुट्टी. आईला मस्कतला का नेत नाहीस ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. चार बेडरूमचं घर आहे असं मात्र त्याच पत्रात लिहिलंयस.

तर, काम केलं तुझं. आमची कंपनी विलायतेतली कायद्याची पुस्तकं कॉम्प्युटरवर टाइप करून, दुरुस्त करून परत पाठवते. माझ्या हाताखाली बावीस मुली आहेत. मॅनेजर गौरव म्हणजे मालकांचा भाचा, अठ्ठावीस वर्षांचा, केसांना जेल लावून येतो, पण माझा शब्द मोडत नाही. म्हणाला, "मॅडम, आपकी गुरु हैं तो छह हफ्ते दे देते हैं. टेस्ट पास, तो नौकरी पक्की." येत्या सोमवारपासून बाई येतील. शिकवणार मी.

मी हे का केलं असं तुला वाटत असेल. मलाही वाटतंय. मला एकोणऐंशी सालचा जून अजून लख्ख आठवतो. मंत्रालयात टायपिस्टची एकच जागा, उमेदवार आपण दोघी, आणि अर्जाला बाईंच्या सहीचं सर्टिफिकेट हवं. बाईंनी टाइपरायटरवर पत्र्याचं झाकण ठेवलं, खाली हात घालून टाइप करायला लावलं. मी दोनदा वाकून पाहिलं, दोन्ही वेळा लाकडी पट्टी बोटांवर. संध्याकाळी मी जिन्यात उभी होते. तू वरून आलीस आणि म्हणालीस, "आई सही करणार नाही म्हणते. तुझी नजर खाली जाते." तुझीही जात होती, विजे. मी बघितलं होतं. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मी तो जिना परत चढले नाही. नोकरी तुला लागली, आणि तीन वर्षांत लग्न करून तू ती सोडलीसही. माझे वडील, तात्याराव, एकोणऐंशीच्याच थंडीत गेले. जाईपर्यंत आल्यागेल्याला सांगत होते, आमची हेमलता मनाने चांगली, पण डोक्याने जरा मंद.

बाकी ठीक.

हेमलता


नोएडा, २४ ऑगस्ट १९९७

विजया,

आईची खबर विचारलीस, म्हणून लिहिते.

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं, धूळ नको म्हणून. बाईंना ते फार पटलं. पहिल्या दिवशी बसण्याआधी त्यांनी कीबोर्डला हात लावून नमस्कार केला. मुली फिदीफिदी हसल्या. एसी सोसत नाही म्हणून शाल घेऊन बसतात. ओळ संपत आली की डावा हात आपोआप वर जातो, टाइपरायटरचा दांडा ढकलायला. तिथे दांडा कुठला! हात हवेत फिरतो आणि परत खाली येतो. सोलापूरची अक्षता म्हणून एक आहे, ती याची नक्कल फार छान करते.

आम्ही ज्यात काम करतो त्याला व्हीआय म्हणतात. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माउस नाही, मेनू नाही, जे काय ते बोटांनी. आणि तो उघडला की लगेच लिहिता येत नाही बरं का. आधी तो हुकमाची वाट बघत बसतो. तेव्हा दाबलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. 'एक्स' दाबलं की एक अक्षर खाल्लं. 'डी' दोनदा दाबलं की अख्खी ओळ गेली. 'आय' दाबलं की मग मात्र निमूटपणे लिहून घेतो. लिहून झालं की 'एस्केप' दाबायचं, की परत हुकमाच्या पायरीवर. सेव्ह करायचं तर तिथूनच. या क्षणी तो लिहून घेतोय की हुकूम ऐकतोय, हे पडद्यावर कुठेही दिसत नाही. म्हणजे, एका ओळीचं सेटिंग केलं तर दिसतं, खाली कोपऱ्यात. माझ्या सगळ्या मुलींच्या मशीनवर ते आहे. बाईंच्या मशीनवर करायचं राहिलंय. वेळ कुठे मिळतो?

तसं केलं तरी काय फरक पडणार म्हणा. बाई पडद्याकडे बघतात कुठे? नजर कागदावर. चाळीस वर्षं पोरींना हेच शिकवलं, ना बोटांकडे बघायचं ना मशीनकडे. मी एकदा म्हटलं, "बाई, अधूनमधून वर बघा हं." तर म्हणाल्या, "बघणारी टायपिस्ट म्हणजे अर्धी टायपिस्ट." जित्याची खोड, दुसरं काय! मी पुन्हा काही बोलले नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्याला घंटी नाही?" टाइपरायटरवर ओळ संपत आली की 'टिंग' वाजायचं, आठवतं ना. मी म्हटलं, हे मशीन आपलं आपण ओळ मोडतं. पण त्यांना चुकल्यासारखं होत राहिलं. मग पाचव्या दिवशी एस्केप दोनदा दाबलं गेलं आणि मशीन 'बीप' करून ओरडलं. हुकमाच्या वेळी काही भलतं दाबलं की ते ओरडतं, चुकलात म्हणून. बाईंचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! "अगं हेमा, आहे की घंटी!"

त्यांनी आपल्या मनाने समजूत करून घेतली. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला मोडा.

हेमलता


नोएडा, ८ सप्टेंबर १९९७

विजया,

प्रगती उत्तम आहे. पानच्या पान एका दमात टाइप करतात, एक चूक नाही. सुरुवातीला 'आय', शेवटी एस्केप आणि सेव्ह. आमच्या मुली दर परिच्छेदाला सेव्ह करतात, कारण इथे लाइट केव्हा जाईल आणि जनरेटर केव्हा लागेल याचा नेम नाही. बाईंना मी ती सवय लावलेली नाही. उगाच गोंधळ नको.

घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून ठेवलाय म्हणे. संध्याकाळी त्याच्यावर बोटं चालवतात. माझ्यासाठी रोज डबा आणतात. थालीपीठ, कधी मटकीची उसळ. मी दोनदा म्हटलं, नका आणू. ऐकत नाहीत.

परवा जेवताना एकदम म्हणाल्या, "हेमा, तू फार शांतपणे शिकवतेस ग. मला नाही कधी जमलं. माझी पट्टी फार चालली तुम्हा पोरींच्या बोटांवर."

विजे, खरं सांगू? अठरा वर्षं हे ऐकायची वाट पाहिली होती. तेव्हाच सांगून टाकावं असं वाटलं. म्हणजे ते घंटीचं वगैरे, बारीकसारीक राहिलंय ते. मग तात्यांचा चेहरा डोळ्यापुढे आला. मी म्हटलं, "बाई, जेवा, गार होतंय."

पुढे त्या सांगत होत्या, नोकरी लागली की पहिलं काय करणार. खोलीच्या दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावणार. मुरलीधरकाकांच्या घरी म्हणे त्यांना जिन्याखालची जागा ठरवून ठेवलीय, शिवणाच्या मशीनशेजारी. "उभा जन्म मी पोरींना सांगितलं, स्वतःच्या बोटांवर उभ्या राहा. आता मीच दिराच्या घरी पोळ्या लाटू होय?" असं म्हणून हसल्या.

टेस्ट वीस तारखेला, शनिवारी.

हेमलता


नोएडा, २१ सप्टेंबर १९९७

विजया,

आई नापास झाली. काल ऑफिसात फोन केला असशील तर गौरवने तुला सांगितलंच असेल, पण त्याने सांगितलं ते पुरतं नाही. तू विचारलं नाहीस तरी मी सांगणार आहे.

एका प्रकरणात चार परिच्छेद घालायचे होते. दोनशे ओळींचं, तपासून पक्कं झालेलं प्रकरण, सोमवारी विलायतेला जायचं. टेस्ट नेहमी खऱ्या कामावरच घेतात. बाई नवं पातळ नेसून आल्या होत्या. पुडीतला कसलासा अंगारा कपाळाला लावलेला. गौरव मागे उभा राहिला, त्याच्या शेजारी मी. तो म्हणाला, "आंटीजी, हर पैरा के बाद सेव करते रहिएगा, लाइट का भरोसा नहीं."

हे तो प्रत्येकीला सांगतो. बावीस वेळा ऐकलंय मी. कालही सांगणार हे मला माहीत होतं.

बाईंनी 'आय' दाबलं आणि पहिला परिच्छेद असा टाइप केला, की गौरवने भुवया वर केल्या. काय स्पीड, विजे! साठ वर्षांची बाई! मग एस्केप, सेव्ह. आणि 'आय' न दाबताच पुढचा परिच्छेद सुरू. त्यांना सवयच नव्हती मधेच थांबून परत सुरू करायची. नजर कागदावर. मशीन ओरडलं. बाईंनी रिटर्न दाबलं. हुकमाच्या वेळी रिटर्न दाबलं की मशीन एक ओळ खाली सरकतं, म्हणजे बाई आता दुसऱ्याच्या मजकुरात जाऊन पडल्या. तिथे चार अक्षरांनी काय काय खाल्लं देव जाणे, मग शब्दात कुठे तरी 'आय' आलं आणि उरलेला परिच्छेद न्यायाधीशाच्या वाक्याच्या मध्यावर उतरला. पुन्हा एस्केप, पुन्हा सेव्ह. म्हणजे झालेली नासाडी पक्की. तिसऱ्याला तेच. चौथ्याला तेच. दर वेळी घंटी, दर वेळी रिटर्न. चेहऱ्यावर नुसतं समाधान.

मी मागे उभी होते. "बाई, वर बघा," इतकंच म्हणायचं होतं मला. नाही म्हटलं.

संपलं तेव्हा गौरव हसला. "आंटीजी ने तो पूरे चैप्टर की खिचड़ी बना दी." तेव्हा बाईंनी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ वाचत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पण मला घंटी ऐकू येत होती."

गौरवने माझ्याकडे पाहिलं. "कौन सी घंटी?"

मी म्हणाले, "उमर हो गई है, सर."

हो, असंच म्हणाले. आणि आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. पाचव्या दिवशी त्यांनी काही आपल्या मनाने समजूत करून घेतली नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, "घंटीच आहे ना ग ही?" आणि मी म्हणाले होते, "घंटीच आहे बाई. वाजली की रिटर्न दाबा आणि पुढे चला."

बाई उठल्या. कीबोर्डवर कापडाचं कव्हर नीट चढवलं, खुर्ची आत सारली, शाल घडी केली. शाळेत सगळ्या मशीनना झाकण घालून मग घरी जायच्या, तसंच. बाहेर चपला घालताना तोल गेला, तर भिंतीला धरलं. माझा हात नाही घेतला, किंवा मी पुढे केला नसेल.

मला बरं वाटलं, विजे. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. बस येईपर्यंत.

हेमलता


नोएडा, १२ ऑक्टोबर १९९७

विजया,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "आईचं वय झालंय, तू केलंस तेच खूप. झालं गेलं गंगेला मिळालं, मनाला लावून घेऊ नकोस." मी इतकं सगळं लिहूनही तुला राग कसा आला नाही, याचं मला आधी नवल वाटलं. आता वाटत नाही.

पितृपक्षात घर हलवू नये म्हणून बाई थांबल्या होत्या. सामान बांधायला कुणीतरी हवं, म्हणून सव्वीस तारखेला मी वैशालीला गेले. का गेले ते विचारू नकोस. कमरेला पदर खोचून बाई ट्रंक उपसत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरी आलीस. तुझी एक वस्तू सापडली."

तुला माहीतच आहे, बाई प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी ठेवायच्या. शाळेच्या सर्टिफिकेटांची जाडजूड फाइल होती, सालवार लावलेली. त्यातून त्यांनी एक कागद काढला. निळी पुसट अक्षरं, तारीख सोळा जून एकोणीसशे एकोणऐंशी. माझं नाव. वेग मिनिटाला अठ्ठेचाळीस शब्द. नजर स्थिर, सरावाने आणखी सुधारेल. खाली बाईंची सही.

"हे तर मी त्याच दिवशी विजयाच्या हाती तुला पाठवलं होतं," बाई म्हणाल्या. "दोनदा वाकलीस म्हणून काय झालं? भीतीनं वाकली होतीस. तू मुलाखतीला का नाही आलीस ग? मी मंत्रालयाच्या दारात उभी होते, दोघींना सोडायला म्हणून. मग वाटलं, लग्न ठरलं असेल तुझं."

विजे, त्याची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. मूळ प्रत तू काय केलीस, जाळलीस का फाडलीस, ते मला कळवू नकोस. तात्यांनाही आता कळवून उपयोग नाही.

मी बाईंना काय सांगितलं असेल? काही नाही. "हो बाई, ठरत होतं लग्न, मग मोडलं," असं म्हटलं. सुतळी घेतली आणि ट्रंक बांधायला बसले. तुझं सांगायचं तर माझं सांगावं लागलं असतं. तुझं नाव घेऊन त्यांना मारलं असतं, की माझं नाव घेऊन? एका म्हातारीला एका दिवशी किती मारायचं!

सोमवारी मी गौरवकडे गेले. म्हटलं, चूक माझी होती, मी नीट शिकवलं नाही, एक संधी द्या. दोन हात जोडले, यार, त्या पोराच्या पुढे. तो म्हणाला, "मॅडम, आपने ही तो कहा था, उमर हो गई है." त्या जागेवर अक्षताची मामेबहीण लागली आहे. माझ्याच हाताखाली. तिच्या मशीनवर मी पहिल्या दिवशी ते कोपऱ्यातलं सेटिंग करून दिलं.

पाच तारखेला बाईंना कश्मीरी गेटवरून पानिपतच्या बसमध्ये बसवलं. एक ट्रंक, एक वळकटी, आणि तो पुठ्ठ्याचा कीबोर्ड. म्हटलं, हा कशाला नेता? म्हणाल्या, "असू दे, पोळपाटाखाली घालायला होईल." खिडकीशी बसल्या. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांनी बाहेर हात काढून माझं मनगट धरलं.

"हेमा, एक खरं सांग. त्या दिवशी घंटी वाजत होती ना ग? माझ्या कानांना भास तर होत नव्हता? रात्ररात्र तेच मनात येतं. डोकं जायला लागलं की काय माझं."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "वाजत होती, बाई."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "मग बोटंच चुकली." आणि मनगट सोडून दिलं.

त्याला आज आठ दिवस झाले. मुरलीधरकाकांचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. तू तुझं सांग, मी माझं सांगते, कोणी आधी ते तूच ठरव. मी कोपऱ्यावरच्या पीसीओतून तीनदा लावला. सगळे बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत असतात वाटतं, कारण दर वेळी स्वयंपाकघरातून बाईच धावत येतात, "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणून विचारतात, आणि मी फोन ठेवून देते.

आता तू लावून बघ.

हेमलता